पावसात मेणाचे दात

पाऊस लागला की लोक आधी आभाळाकडे बघतात, मग बसच्या थांब्याकडे, आणि शेवटी घरात परत जाऊन छत्री शोधतात. कवळीमावशी पाऊस लागला की सायकलच्या चाकातली थोडी हवा सोडायची. टळटळीत उन्हात तिला कुणी बाहेर काढून दाखवावं, सतरा सबबी सांगेल. पण झड लागली, रस्ता काळा चकचकीत झाला, कुत्रीसुद्धा जिन्याखाली जाऊन बसली, की ही बाई रेनकोटची बटणं लावताना दिसणार. शेजारणी म्हणायच्या, हिच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. डोकं ठिकाणावर होतं. घोर होता तो मेणाचा.

मावशी दात करायची. म्हणजे लोकांच्या कवळ्या. नवरा हेच काम करायचा, त्याच्याकडे बघून बघून शिकली, आणि तो गेल्यावर त्याच्या स्टुलावर बसली. घरामागची खोली, तिला एक खिडकी, खिडकीखाली टेबल. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेण कापायच्या सुऱ्या, आणि बिजागरीवर उघडमीट करणारं एक लोखंडी यंत्र. त्यात वरचा जबडा, खालचा जबडा असे प्लास्टरचे साचे बसवायचे आणि चावून बघायचं. मावशी त्याला चावरं म्हणायची. फळीवर सगळ्या गावाचे जबडे ओळीनं मांडलेले. नवी सून घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात त्या खोलीत पाऊल टाकेना. म्हणाली, एवढी माणसं तोंड उघडून बसलीत आणि बोलत कुणीच नाही. मावशी म्हणाली, "म्हणूनच मला इथं बरं वाटतं."

काम असं चालायचं. दातांची डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायची. मावशी त्यावरून साचा ओतायची आणि गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवायची. ही मेणाची कवळी दवाखान्यात न्यायची, डॉक्टरीणबाई ती पेशंटच्या तोंडात घालून बघायची. ओठ नीट मिटतो का, चावा बसतो का, हसल्यावर माणूस माणसासारखा दिसतो का. सगळं जमलं की कवळी परत मावशीकडे, आणि मग मेण जाऊन त्या जागी पक्की हिरडी यायची. म्हणजे मेणाच्या कवळीला एकदा तरी गाव ओलांडून जावं लागायचं आणि परत यावं लागायचं. मेण तर असं नाजूक की जरा ऊब लागली की सैल पडतं, आणि दात कलतात. एक कलला की शेजारी कलतो, माणसांसारखंच. उन्हाळ्यात मावशी उजाडायच्या आत निघायची. बर्फ ठेवायची सोय नव्हती, बर्फानं मेण आखडतं आणि दात मुळासकट उचकटतात. पाऊस मात्र मेणाला मानवायचा. गार हवा, गार पाणी. रेनकोट मावशीच्या अंगावर, आणि दातांचा डबा पुढच्या बास्केटात उघड्यावर, वरून पाण्याची धार. बघणाऱ्याला वाटे, बाईनं स्वतःला झाकलं आणि सामान भिजवलं.

चालत का नाही? तर गुडघा. चालताना तो गुडघा सावत्र असल्यासारखा वागायचा, आणि सायकलवर बसली की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा शहाणा. बसमध्ये खिडक्या बंद, माणसाला माणूस चिकटलेलं, नुसती वाफ. राहिली सायकल.

आणि सायकलीच्या बाबतीत बाई हट्टी होती. लहानपणी वडिलांच्या दांडीच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून शिकलेली. एकदा बसली की पोचेपर्यंत पाय टेकायचा नाही, हा तिचा नेम. चढ असो, गर्दी असो, म्हैस आडवी येवो. पाय टेकला म्हणजे हरली. साठी उलटली तरी तो नेम सुटला नव्हता, आणि त्या नेमापायीच ती पडली.

पुलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला होता आणि खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकलेला. कोरडा असताना पत्रा गरीब असतो. भिजला की त्याच्या पोटात पाप शिरतं. सगळे सायकलवाले तिथं उतरून चालत जायचे. मावशी उतरली नाही. चाक सरकलं आणि गळ्याखालचं आडवं हाड मोडलं.

हाड जुळलं. पण मुलानं सायकल उचलली आणि मागच्या शेडच्या छताला, वर आढ्याशी, आकड्याला टांगून ठेवली. मुलगा पावाची गाडी चालवायचा. भट्टीवरून पाव भरायचे आणि दुकानोदुकानी टाकायचे. अंगानं धिप्पाड, त्याचा हात आढ्याला सहज पोचायचा. मावशीचा उजवा हात मात्र हाड जुळल्यापासून खांद्याच्या वर जात नव्हता. ती स्टुलावर चढली असती तरी सायकल तिच्यानं उतरली नसती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. मुलगा म्हणाला, आता सायकल बंद. मावशी म्हणाली, बरं. तिच्या तोंडचं बरं म्हणजे होही नसायचं आणि नाहीही नसायचं, पण सायकल वरच राहिली. कोरड्या दिवसांत सून डबा पोचवायची, आणि पाऊस आला की काम थांबायचं. डॉक्टरीणबाई समजून घ्यायची. पेशंटही थांबायचे. ज्याला दातच नाहीत तो दातओठ तरी काय खाणार.

मग पिपाणीमामा आला.

पिपाणीमामा बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर तो बँड बसायचा, आणि मामा मिसरूड फुटल्यापासून पहिल्या रांगेत. क्लॅरिनेटला कुणी पिपाणी म्हटलेलं त्याला खपत नसे, म्हणून तर गावानं ते नाव ठेवलं. त्याचे वरचे उरलेसुरले दात काढावे लागले होते. दुसरीकडून एक कवळी करून घेतली होती, पण फुंकर मारली की ती सुटून वाद्याच्या तोंडाशी यायची. एका रविवारी तर सुरासकट बाहेर पडली. पुढच्या बाकावरच्या बाईनं उचलून दिली, स्वच्छ पुसून. तेव्हापासून मामा बँडला गेला नव्हता.

पेशंटनं मावशीच्या खोलीवर यायची रीत नव्हती, पण हा आला, वाद्याची पेटी काखेत मारून. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "बाई, मला चावायला दात नकोत. चावायचं मी हिरड्यांनी बघतो. मला फुंकायला दात पाहिजेत."

मग त्यानं सगळं सांगितलं. वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांना टेकून धरावं लागतं, तिथं टेकू नसेल तर सूर गटांगळ्या खातो. बँडमास्तर माणूस सज्जन, इतके दिवस खुर्ची रिकामी ठेवली. पण आता शनिवारच्या तालमीला जो वाजवील त्याची खुर्ची, असं त्यानं सांगितलं होतं. आणि मामाची अब्रू जाऊ नये म्हणून त्यातल्या त्यात एक सोय काढली होती, की मामांनी झांजा वाजवाव्यात.

"झांजेला दात लागत नाहीत," मामा म्हणाला, आणि पेटीचं झाकण उघडून नुसतंच परत लावलं.

मावशीनं त्याच्याकडून वाद्याचं तोंड तेवढं मागून घेतलं आणि बाकीचं वाद्य घेऊन त्याला घरी पाठवलं. ते तोंड तिनं चावऱ्यात दोन जबड्यांच्या मध्ये धरून बघितलं. पुढचे दात एरवी लावते त्याहून जरा आत घेतले, मागं टाळूला चिकटून राहील अशी हिरडीची कड लांबवली. डॉक्टरीणबाईला फोन करून विचारलं, तिनं पेशंटचा जबडा पाहिलेला होता, तिनं कड कुठवर चालेल ते सांगितलं. दोघींनी फोनवर बराच वेळ एका टाळूवर चर्चा केली. सून दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "लग्नाच्या बैठकीतसुद्धा एवढं बोलणं झालं नव्हतं."

मेणाची कवळी तयार झाली, आणि पाऊस लागला.

पहिल्या खेपेला मावशीनं वाद घातला नाही. मुलगा म्हणाला, मी भट्टीवरून पाव भरून येतो आणि तुला दवाखान्यात सोडतो, माझ्या वाटेवरच आहे. ती बसली. एका हातात ओली छत्री, दुसऱ्यानं दाराची कडी धरलेली, गाडी हेलकावे खातेय. डबा मांडीवरून घसरायला लागला तसा तिनं वळून मागच्या फळीवर ठेवला. फळ्यांवर पावांचे ट्रे. पाव भिजू नयेत म्हणून खिडक्या गच्च बंद. वास असा सुटलेला की मावशीला छान वाटलं. पाय गारठले होते, तिनं तेही मागं सरकवले. मुलगा दुकानदुकान करत गेला, दर थांब्याला सांगत होता, आई, दोन मिनिटं.

सबंध आयुष्य जी बाई लोकांच्या अंगावर ओरडत आली, की डबा उन्हात ठेवू नका, चुलीजवळ नेऊ नका, तिनं स्वतःच्या हातानं मेणाचे दात ताज्या पावांच्या शेजारी ठेवले.

दवाखान्यात डबा उघडला. पुढचा एक दात शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. डॉक्टरीणबाईनं ती कवळी दिव्याखाली फिरवून बघितली आणि म्हणाली, "मावशी, वाटेत ऊब लागली का हिला?" मामा खुर्चीत तोंड उघडून बसला होता. आता आलीच आहे तर घालून बघू, म्हणून घातली. मावशीनं परत दिलेलं तोंड जोडून त्यानं वाद्य ओठांना लावलं तर शिट्टी आली, कुकरची येते तशी. मामा हसला नाही. वाद्य पेटीत ठेवताना त्याचे हात जरा हळू चालत होते.

गुरुवारी सकाळी परत बघू, डॉक्टरीणबाई म्हणाली. तेव्हा जमलं तर शनिवारी सकाळी पक्की कवळी बसवता येईल. त्यापुढे गेलं तर तालीम गेली.

घरी येऊन मावशी जेवली नाही असं काही झालं नाही. चांगली दोन वेळा जेवली. पण मुलाशी बोलली नाही, आणि तो बिचारा माफी मागायला लागला तेव्हा म्हणाली, तुझा काय दोष, पाव गरमच असायचे. मग बसली आणि सगळे दात उपटून नव्यानं रोवले.

गुरुवारी पहाटेपासून धो धो. मुलगा भट्टीवर जायला निघाला होता. मावशी शेडमध्ये उभी होती, डबा हातात, नजर वर टांगलेल्या सायकलीवर. त्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

त्यानं सांगून पाहिलं की आज डबा पुढं मांडीवर घट्ट धर. ती म्हणाली, गाडी तीच, पाव तेच, ऊबही तीच. खिडकी उघडी ठेवतो म्हणाला. मग पाव भिजतील, आणि तुझा मालक तुला घरी बसवील. सून म्हणाली मी चालत नेते, पण तिला सातवा महिना होता आणि ती म्हणून संपायच्या आत दोघंही तिच्यावर खेकसले. तेवढ्यापुरतं मायलेकाचं एकमत झालं. मग पुन्हा पाऊस आणि सायकल.

"आई, तू पडलीस तेव्हा मी तुला रस्त्यावरून उचललीय," मुलगा म्हणाला. "तुझं तोंड चिखलानं भरलं होतं आणि तू मला विचारत होतीस, दात शाबूत आहेत का. मला वाटलं, स्वतःचे विचारतेस. मी तुझं तोंड उघडून बघितलं."

मावशीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं, कारण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट होती, ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. सायकल टांगली तेव्हा तिला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. पाऊस पडला की ते जुळलेलं हाड आपोआप आखडायचं, जणू ते अजून पत्र्यावरच पडलेलं आहे. बरं म्हणाली ती मुलाचं मन राखायला नव्हे, स्वतःची भीती झाकायला. मुलगा नको म्हणतो, मग मी काय करणार, हे शेजारणींना सांगायला सोयीचं होतं.

ती म्हणाली, "मलाही भीती वाटते रे. तुझ्यापेक्षा जास्त. हाड माझं मोडलंय."

आईच्या तोंडून हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"पत्र्यावर उतरीन," ती म्हणाली. "उतरून चालत जाईन. उतारावरही उतरीन. जिथं वाटेल तिथं पाय टेकीन."

"तू? उतरशील?"

"उतरीन म्हटलं ना."

सून मागून म्हणाली, "अहो, त्या हो म्हणाल्यात. बरं नाही म्हणाल्या."

मग हात वर करून मुलानं सायकल आकड्यावरून काढली, धुळीसकट खाली ठेवली. पुटपुटत होता, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला. पण पुटपुटत असतानाच त्यानं ब्रेक दाबून बघितले, साखळीला तेल दिलं, दोन्ही चाकांत हवा भरली आणि मग ओल्या रस्त्यावर चाक धरून राहावं म्हणून थोडी सोडली. सोडताना आईकडे बघितलं. तिनं अजून थोडी अशी खूण केली. बास्केटात त्यानं स्पंज घातला, त्यावर डबा, वरून रबर ताणून बांधला. आणि भट्टीला उशीर झाला म्हणत, मागं वळून न बघता निघून गेला. वळून बघितलं असतं तर सायकल परत टांगली असती, असं त्यानं नंतर बायकोला सांगितलं.

मावशी निघाली. पहिल्या वळणापर्यंत खांदे कानाला लागलेले. पाऊस चष्म्यावर, चष्मा नाकाच्या टोकावर. मग पायांना आठवलं. पाय डोक्यासारखे नसतात, एकदा शिकलं की फार विचार करत बसत नाहीत. रस्ता रिकामा होता, गटारं तोंडापर्यंत भरून वाहत होती, झाडांखालून जाताना मोठे थेंब डब्यावर टपटप वाजत होते. बाईला तेवढा एक आवाज पुरेसा होता. डबा भिजतोय, मेण गार आहे.

पत्रा आला. खड्डा अजून तसाच होता, कंत्राटदाराला कसली घाई. लांबून तो पत्रा तव्यासारखा चमकत होता. मावशीनं ब्रेक लावला आणि उजवा पाय खाली टेकला. आयुष्यात पहिल्यांदा, मध्येच, कुणी अडवलेलं नसताना. हाड आखडलं होतं. ती तिथं थोडी उभी राहिली, मग सायकल हातात धरून पत्र्यावरून चालत गेली. बाजूच्या टपरीवाल्यानं ओळखलं.

"काय मावशी, पंक्चर का?"

"हो," ती म्हणाली. "पण सायकल नव्हे, मी."

आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसली. पुढे पुलाच्या उतारावर एकदा उतरली. एकदा तर काही कारण नसताना उतरली, फक्त बघायला, की उतरलं तर काय होतं. काही होत नव्हतं. पुन्हा बसता येत होतं.

डॉक्टरीणबाईनं डबा उघडला. कवळी टणक, दात शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे सरळ. मामाच्या तोंडात बसवली. त्यानं टाळूला जीभ लावून बघितली, मान हलवली, आणि पेटीतून वाद्य काढून हळूच वरच्या दातांना टेकवलं. मेणाच्या दातांवर जोर द्यायचा नसतो, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाली, अगदी हलकं, नुसता श्वास सोडा. त्यानं श्वास सोडला. पहिला सूर फाटका निघाला. दुसरा निघाला तो खालचा, जाड, शेवटपर्यंत एकसारखा. बाहेर बाकावर दाढ धरून बसलेला एक माणूस दार ढकलून आत डोकावला.

कवळी जागची हलली नव्हती. मामानं वाद्य खाली घेतलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "आलाय." डॉक्टरीणबाईनं विचारलं, काय आलाय? पण तेवढ्यात मावशीनं त्याच्या तोंडातून कवळी काढून घेऊन चटकन डब्यात ठेवली, कारण अजून परतीची वाट होती आणि बाहेर पाऊस वाढला होता.

परतताना ती पत्र्यावर आपण होऊन उतरली. त्या रात्री मेण गेलं, पक्की हिरडी आली, शुक्रवारी मावशीनं कड घासून गुळगुळीत केली, आणि शनिवारी सकाळी कवळी मामाच्या तोंडात बसली.

तालमीत काय झालं ते मावशीनं जाऊन बघितलं नाही. तिला दुसऱ्या कुणाचे तरी साचे ओतायचे होते. पण पुढच्या आठवड्यात, भर पावसात, मामा परत तिच्या खोलीच्या दारात उभा. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, पेटी मात्र प्लास्टिकच्या कागदात.

"दुसऱ्या रांगेत बसवलंय," तो आल्या आल्या म्हणाला. "पहिल्या रांगेत एक पोरगी आलीय, फुंकर चांगली आहे तिची, पण घाई करते. आणि तुमचा तो डावीकडचा सुळा, बाई, वरच्या सुरांना ओठात टोचतो. आणि कालपासून मागं टाळूशीपण दुखतंय. आणि बोलताना स चा श होतो, बायको हसते."

मावशी तोंडभरून हसली. या धंद्यात ज्याची कवळी बसत नाही तो कधी तक्रार करायला येत नाही. तो ती पाण्याच्या पेल्यात ठेवतो, पेला कपाटात ठेवतो, आणि दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं सोडतो. टोचतं, दुखतं, बायको हसते असं सांगत जो भर पावसात येतो, त्याचे दात तोंडातच राहणार.

"बसा," ती म्हणाली, "आणि ती पेटी उघडा. कुठल्या सुराला टोचतं ते वाजवून दाखवा."

मामानं वाद्य जोडायला घेतलं. तोवर ती कानस शोधत होती.